बेलफळाने जंतू मरत नाहीत, मग पोट कसं सावरतं?

पावसाळा लागला की ठाण्यातल्या दवाखान्यांत उलट्या-जुलाबाची गर्दी वाढते. जुन्या जलवाहिनीत कुठेतरी गटाराचं पाणी शिरतं, सोसायटीची टाकी धुवायची राहून गेलेली असते, गाडीवरची चटणी सकाळपासून उघडीच असते. डॉक्टर ‘गॅस्ट्रो’ म्हणतात, गरज पडली तर सलाईन लावतात. इकडे घरी आजी कच्च्या बेलफळाचा गर नाहीतर पेरूची कोवळी पानं उकळायला घेते. त्यावर घरातलं शिकलेलं कुणीतरी हमखास विचारतं, “याने काय जंतू मरणार आहेत?”

प्रश्न रास्त आहे, आणि बेलफळापुरतं त्याचं उत्तर मिळालेलंही आहे. ठाण्याहून फार लांब नाही, वरळीला ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ ही संस्था आहे. तिथे डॉ. तन्नाझ बिर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या गराचा काढा प्रयोगशाळेत तपासला. जुलाब घडवणाऱ्या जिवाणूंचे सहा वाण घेतले. 2009 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सहांपैकी एकाही वाणाचे जिवाणू या काढ्याने मेले नाहीत.

एरवी अशी वनस्पती तिथेच बाद ठरते. प्रयोगशाळेत औषधी झाडं तपासण्याची नेहमीची रीत ठरलेली आहे. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मध्ये अर्क घालायचा आणि त्याच्याभोवती जंतू नसलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं का ते बघायचं. वर्तुळ दिसलं तर झाड कामाचं, नाही दिसलं तर पुढचं झाड. वरळीच्या संशोधकांनी मात्र पुढचे प्रश्न विचारले. जंतू जिवंत आहे, ठीक. पण तो आतड्याच्या पेशींना पूर्वीसारखाच चिकटतो का? विष तेवढंच बनवतो का? आणि बनलेलं विष पेशीवर जाऊन बसतं का? इथे बेलाने वेगळंच रूप दाखवलं. जंतूंचं पेशींना चिकटणं आणि पेशींच्या आत घुसणं दोन्ही कमी झालं. कॉलऱ्याच्या विषाच्या निर्मितीवर परिणाम झाला. तयार विषाचं पेशीवरच्या आपल्या जागी जाऊन बसणंही घटलं.

जंतू तसाच राहिला, पण त्याच्या हातून होणारं नुकसान कमी झालं. हे समजून घ्यायचं तर आधी जुलाब नेमके कशाने होतात ते पाहावं लागेल, आणि त्यासाठी कॉलऱ्याइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा करून दाखवला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा असा त्यांचा अंदाज होता, पण पुढची पाऊणशे वर्षं ते विष कुणाला दाखवता आलं नाही. ते दाखवलं त्याच कोलकात्यातल्या डॉ. शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पदार्थ टोचायचा आणि काय होतं ते बघायचं, ही पद्धत त्यांनी 1953 मध्ये वापरली होती. पुढे त्यांनी जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव बारीक गाळणीतून गाळला, इतका की त्यात एकही जंतू उरला नाही, आणि तो द्रव आतड्यात टोचला. आतडं पाण्याने टम्म फुगलं. जंतू नव्हता, तरी कॉलरा होता. 1959 साली त्यांनी हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या देशात, साध्या साधनांवर झालेलं हे काम विसाव्या शतकातल्या मोठ्या वैद्यकीय शोधांत गणलं जायला हवं, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत डे यांचं नाव ठळकपणे असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या विषाची रचना आता नीट माहीत आहे. त्याचे दोन भाग आहेत. पाच सारख्या तुकड्यांचं एक कडं असतं, ते आतड्याच्या पेशीवरच्या ‘जीएम-वन’ नावाच्या स्निग्ध रेणूला घट्ट धरतं. कड्यावर सहावा तुकडा असतो, खरा अपाय तोच करतो. तो पेशीच्या आत शिरतो आणि तिथलं एक रासायनिक बटण चालू स्थितीतच अडकवून ठेवतो. मग पेशीत ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा निरोप्या रेणू साचत जातो, क्षार बाहेर सोडणारी दारं उघडी राहतात आणि क्षारांमागोमाग पाणी वाहू लागतं. आजार तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकतं. या सगळ्या वेळात जंतू आतड्याच्या पोकळीत, भिंतीला लागून असतो. भिंत फोडून तो आत जातच नाही. माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार संपल्याने.

म्हणूनच ओआरएसने इतके जीव वाचले. 1971 च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. ओआरएसने एकही जंतू मरत नाही. तरी त्याला कुणी निरुपयोगी म्हणत नाही.

येऊरच्या जंगलात कुणाला साप चावला आणि सोबतच्यांनी तो साप तिथेच ठेचला, तरी चढलेलं विष उतरत नाही. त्यासाठी प्रतिविषच लागतं. कित्येक जंतूंचं असंच आहे, आणि आधुनिक वैद्यकाला हे जुनं माहीत आहे. घटसर्पाचं विष 1888 मध्ये सापडलं आणि 1890 मध्ये त्यावरचं प्रतिविषही तयार झालं. त्या कामासाठी बेहरिंग यांना 1901 चं, वैद्यकशास्त्रातलं पहिलंच नोबेल मिळालं. गंजका खिळा लागल्यावर आपण घेतो ते धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा धनुर्वाताच्या जंतूविरुद्ध नसतं. त्याच्या विषाला ओळखून निकामी करायला ते शरीराला शिकवतं. पुढे पेनिसिलिन आलं, जंतू मारणं अतिशय सोपं झालं, आणि ही दुसरी वाट बरीचशी मागे पडली.

विषाला अडवायच्या जागा अनेक आहेत. ते बनूच द्यायचं नाही. बनलं तर त्याचे सुटे तुकडे जोडले जाऊ द्यायचे नाहीत. पेशीला चिकटू द्यायचं नाही. आणि हे सगळं चुकलं तर आत गेल्यावर त्याच्या कामात खोडा घालायचा. वनस्पतींमध्ये या प्रत्येक जागी काहीतरी करणारी संयुगं सापडली आहेत. झाडाला पळून जाता येत नाही. जंतू, बुरशी, किडे यांच्याशी त्याला उभ्या जागी, रसायनांच्या बळावरच झुंजावं लागतं. त्यामुळे पानात, सालीत, कच्च्या फळात अशा रसायनांचा मोठा साठा असणं नवलाचं नाही.

आता पेरूकडे येऊ, कारण ती गोष्ट बेलापेक्षाही गुंतागुंतीची आहे. त्याच संशोधकांनी 2010 साली पेरूच्या पानांच्या काढ्याचे निष्कर्ष मांडले. पेरूच्या काढ्याने काही जिवाणूंवर थेट मारकही परिणाम दाखवला. कॉलऱ्याचा जंतू आणि रक्ती आव घडवणारा शिगेला यांच्यावर. शिवाय कॉलऱ्याचं विष आणि त्याच्याच घराण्यातलं, ई. कोलाय या जुलाब घडवणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूचं ‘एलटी’ हे विष, या दोन्हींची निर्मिती त्याने घटवली आणि त्यांचं जीएम-वनला चिकटणंही कमी केलं. पण ई. कोलायचं दुसरं एक विष आहे, ‘एसटी’. ते आकाराने लहान, उष्णतेला दाद न देणारं, आणि त्याची पेशीत काम करायची तऱ्हाच वेगळी. त्याच्यापुढे पेरूचं काही चाललं नाही. बेलाचंही चाललं नव्हतं. म्हणजे ‘जुलाबावर पेरूची पानं’ हे विधान कुठल्या जुलाबावर, हे विचारल्याशिवाय पुरं होत नाही. एकाच पावसाळ्यात, एकाच चाळीत दोन जणांना वेगवेगळ्या जंतूंमुळे जुलाब होऊ शकतात. एकाला काढ्याने उतार पडेल, दुसऱ्याला नाही पडणार, आणि दोघंही आपला अनुभव शपथेवर सांगतील.

पेरूच्या पानातलं सगळ्यात नावाजलेलं संयुग म्हणजे क्वेर्सेटिन. संशोधकांनी ते सुटं घेऊनही तपासलं. सुट्या क्वेर्सेटिनचा त्यांपैकी एकाही विषावर परिणाम झाला नाही. जंतूंचं पेशीत घुसणं मात्र त्याने रोखलं. विष अडवण्याचं काम काढ्यातलं दुसरं काहीतरी करत होतं, किंवा अनेक घटक मिळून करत होते. ‘अमुक फळात तमुक तत्त्व असतं म्हणून ते गुणकारी’ अशी वाक्यं आपण रोज मोबाइलवर वाचतो. त्यांतलं नावाजलेलं तत्त्वच काम करतं असं गृहीत धरणं किती कच्चं आहे, हे या एका प्रयोगावरून कळतं.

मिरचीचं उदाहरण थोडक्यात सांगते. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन कॉलऱ्याच्या जंतूला विष बनवण्यापासून परावृत्त करतं, असं जपानमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं. जंतूच्या आत विषाची जनुकं दाबून धरणारं एक प्रथिन असतं, त्याचा जोर कॅप्सेसिनमुळे वाढतो असं त्यांना दिसलं. हे प्रयोग काचेच्या नळीतले आहेत. ठाण्याची मिसळ कितीही झणझणीत असली तरी जुलाब लागलेल्या माणसाने ती खाऊ नये.

तिसरं झाड टेटूचं. सह्याद्रीच्या उतारांवर हे झाड दिसतं. तलवारीसारख्या लांब शेंगा, आत कागदासारखे पातळ पंख असलेल्या बिया. बेल आणि टेटू दोन्ही दशमुळांतले, म्हणजे दशमूलारिष्टाची बाटली ज्यांच्या घरी आहे त्यांना हे झाड नावाने माहीत नसलं तरी पोटातून माहीत आहे. टेटूमध्ये ‘ओरॉक्सिलिन-ए’ नावाचं संयुग असतं आणि त्याचा संबंध वेगळ्याच जंतूशी येतो, स्टॅफिलोकोकस ऑरियसशी. हा जंतू सुमारे तिघांतल्या एकाच्या नाकात निवांत राहत असतो. संधी मिळाली की गळू, जखमेत पू, कधी न्यूमोनिया. त्याच्या मुख्य शस्त्राचं नाव अल्फा-हिमोलायसिन. या विषाचे सुटे तुकडे पेशीच्या पातळ आवरणावर येतात, सात तुकडे एकमेकांत गुंफून कडं तयार होतं आणि ते आवरणाला आरपार भोक पाडतं. 1996 मध्ये या सात तुकड्यांच्या कड्याची अणूंपर्यंतची रचना उलगडली. ओरॉक्सिलिन-ए हे तुकडे एकत्र येण्याच्या टप्प्यावरच आड येतं, असं चीनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. त्याआधी 2012 मध्ये चिनी औषधी परंपरेतल्या एका मुळीतलं बायकॅलिन हे संयुग त्यांनी न्यूमोनिया झालेल्या उंदरांना देऊन पाहिलं होतं. जंतूच्या वाढीवर त्याचा परिणाम होत नव्हता, पण उंदरांच्या फुप्फुसांचं रक्षण होत होतं.

याच जंतूवर अमेरिकेतल्या अटलांटाच्या संशोधकांनी युरोपातल्या चेस्टनट झाडाची पानं वापरून 2015 मध्ये आणखी एक मार्ग दाखवला. पुरेसे सोबती जमल्याशिवाय हे जंतू विष सोडत नाहीत. ते रासायनिक खुणांनी एकमेकांना आपली संख्या कळवत असतात. त्या पानांच्या अर्काने ही खुणांची देवाणघेवाणच बंद पाडली.

हे सगळं कशासाठी, असं कुणी म्हणेल. अँटिबायोटिक आहेत की. आहेत, आणि त्यांनी अगणित माणसं वाचवली आहेत. पण 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. जंतू मारणारं औषध दिलं की न मरणारे जंतूच मागे उरतात आणि तेच वाढतात. विष अडवणारं औषध जंतूला जगू देतं, त्यामुळे औषधाला चुकवणाऱ्या जंतूला मिळणारा फायदाही कमी असतो. हा विचार बऱ्याच अंशी पटण्यासारखा आहे, पूर्णपणे नाही. विर्स्टॅटिन नावाचा प्रयोगशाळेत सापडलेला एक रेणू कॉलऱ्याची विषनिर्मिती थांबवतो, आणि त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले आहेत. दुसरा फायदा मला जास्त भक्कम वाटतो. अँटिबायोटिक आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंनाही सोबत घेऊन जातं. फक्त विषाला धरणारं संयुग त्यांच्या वाटेला जाण्याचं कारण नाही. शिवाय काही वेळा जंतू मारणंच अंगाशी येतं. ई. कोलायचा एक घातक प्रकार शिगा-विष बनवतो, आणि काही अँटिबायोटिकांच्या माऱ्याने तो मरता मरता आणखी विष सोडतो. किडनी निकामी होण्याचा धोका असल्याने अशा रुग्णाला डॉक्टर सहसा अँटिबायोटिक देणं टाळतात.

एवढं सांगून झाल्यावर शंकाही तितक्याच जोराने मांडायला हव्यात. पेरूची पानं आणि कच्चं बेलफळ यांत टॅनिन भरपूर असतं. तोंडाला जो तुरटपणा येतो तो त्याचाच. टॅनिन जवळपास कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. विषही प्रथिनच, म्हणून त्यालाही चिकटणार. मग प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम म्हणजे नेमका वार आहे की नुसता चिकटपणा? रक्तात जाऊन काम करायच्या औषधासाठी हा मोठा दोष आहे. आतड्यासाठी तो तेवढा मोठा दोष नाही, असं माझं मत आहे, कारण विष आतड्याच्या पोकळीतच असतं आणि काढाही तिथेच पोहोचतो. रक्तात शिरायची गरजच पडत नाही. गळू किंवा न्यूमोनिया यांचं तसं नाही. बायकॅलिन, क्वेर्सेटिन यांसारखी संयुगं तोंडावाटे घेतली तर रक्तात फार कमी पोहोचतात, आणि तिथे उंदरावरून माणसावर यायला लांबचा पल्ला आहे. म्हणून गळवावर टेटूची साल बांधा असं मी कुणाला सांगणार नाही.

आतड्याच्या पोकळीतच काम करून मान्यता मिळवलेलं एक वनस्पतिजन्य औषध आधीपासून आहे. ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका क्रोटन झाडाच्या रक्तासारख्या लाल चिकापासून क्रोफेलेमर हे औषध बनतं. ते विषाला हात लावत नाही. विषामुळे क्षारांची जी दारं उघडी राहतात, ती ते बंद करतं. अमेरिकेत 2012 च्या अखेरीस त्याला मान्यता मिळाली, तीही एचआयव्हीच्या रुग्णांना होणाऱ्या जुलाबांसाठी.

पेरूच्या माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत. मेक्सिकोत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्वेर्सेटिनच्या ठरावीक प्रमाणाच्या पेरू-कॅप्सूल दिल्या, आणि पोटात कळा येण्याचा काळ कमी झाला. क्वेर्सेटिन विषाला अडवत नाही हे वर आलंच आहे. ते आतड्याचं आखडणं सैल करतं, तेव्हा कळा कमी होणं त्याला धरूनच आहे. 2020 मध्ये बिर्डी आणि सहकाऱ्यांनी जुलाबाच्या रुग्णांवर काढ्याची चाचणी प्रसिद्ध केली. काढा घेणारे लवकर पूर्ववत झाले. मात्र कुणाला काय दिलं जातंय हे त्यात झाकलेलं नव्हतं, त्यामुळे याहून मोठी, कडक चाचणी व्हायला हवी. पानं कुठल्या झाडाची, कुठल्या महिन्यात तोडलेली, किती वेळ उकळलेली, यावर काढ्याची ताकद बदलते, आणि याचं मोजमाप ठरल्याशिवाय डॉक्टरांनी तो लिहून द्यावा ही अपेक्षा बरोबर नाही.

तोवर घरी काय करायचं? काढा द्यायचा असेल तर मोठ्या माणसाला, ओआरएस सुरू ठेवून, त्याच्या जोडीने, त्याच्याऐवजी नाही. बेल घ्यायचं ते कच्चं. पिकलेलं बेलफळ पोट साफ करतं, म्हणजे नेमकं उलटं. देवळात वाहायची पानंही नव्हेत. वरळीतले प्रयोग कच्च्या फळाच्या गरावरचे आहेत. लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि काढा यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण टॅनिन लोहालाही धरून ठेवतं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं असेल तर काढ्याच्या भरवशावर ते सोडू नये. शौचातून रक्त येणं, ताप उतरत नसणं, लघवी कमी किंवा बंद होणं, डोळे खोल जाणं, मूल मलूल पडणं, भाताच्या पेजेसारखे पांढरट पातळ जुलाब सतत होणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठायचा. तान्ह्या मुलांना काढा देऊच नये. त्यांचं अंगावरचं दूध सुरू ठेवायचं, ओआरएस चमच्या-चमच्याने पाजायचं, आणि दोन महिन्यांपुढच्या मुलांना डॉक्टर सांगतील त्या मात्रेत झिंकची गोळी जुलाब थांबल्यावरसुद्धा पूर्ण 14 दिवस द्यायची.